फुकटचा फॉन्ट आणि गेलेलं गिऱ्हाईक : धंद्याचा कॉम्प्युटर स्पायवेअर-अ‍ॅडवेअरपासून कसा वाचवायचा?



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी पहिला कॉम्प्युटर घेताना काय बघायचं ते पाहिलं. त्यानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, अँटिव्हायरस विकत घ्यावा का?" याचं उत्तर एका वाक्यात दिलं तर तुम्ही अँटिव्हायरस घ्याल, निवांत बसाल आणि नेमके तिथेच फसाल. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. सुरुवात आपल्या लोणंदच्याच एका दुकानापासून करतो.

आमच्या एका बॅचमधला मुलगा. झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म असं छोटं दुकान टाकलं. कांद्याच्या सीझनला दोन आडत्यांच्या हिशोबपट्ट्या टाईप करायच्या, बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्यांना मेल करायच्या, हे त्याचं पक्कं काम. लग्नसराईत पत्रिकेसाठी त्याला एक वळणदार मराठी फॉन्ट हवा होता. नेटवर शोधला, एक साईट उघडली. पानावर पाच हिरवी 'डाऊनलोड' बटणं. सगळ्यात मोठं होतं ते दाबलं, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' केलं. फॉन्ट मिळाला. पत्रिका छान झाली.

दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की गूगलऐवजी भलतंच सर्चचं पान यायला लागलं. कोपऱ्यात जाहिराती. हा म्हणाला, "जाहिराती काय, टीव्हीवर पण येतात." आणि दुर्लक्ष केलं.

तीन आठवड्यांनी एका व्यापाऱ्याचा आडत्याला फोन आला. "शेठ, तुमचा बँक खाते नंबर बदलला का? मेल आलाय, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर टाका म्हणून." मेल आला होता या मुलाच्याच ई-मेलवरून. पाठवला होता तिसऱ्याच कुणीतरी. व्यापाऱ्याने फोन करून खात्री केली म्हणून पैसे वाचले. पण आडत्याने त्याच संध्याकाळी काम काढून घेतलं. दुसऱ्या आडत्याने आठवड्याभरात. बाजारपेठ लहान असली की बातमी मालाच्या आधी पोचते.

लक्षात घ्या, एक रुपयाही चोरीला गेला नाही. गेली ती पत. आणि नव्या धंद्याकडे पतीशिवाय दुसरं भांडवल असतं तरी काय?

अ‍ॅडवेअर आणि स्पायवेअर म्हणजे नेमकं काय?

दुकानाच्या भाषेत सांगतो.

अ‍ॅडवेअर म्हणजे तुमच्या दुकानाच्या भिंतीवर न विचारता पोस्टर चिकटवून जाणारा माणूस. तो तुमच्या स्क्रीनवर जाहिराती दाखवतो, तुमचं सर्चचं पान बदलतो आणि तुमच्या प्रत्येक क्लिकवर कुठेतरी कुणीतरी पैसे कमावतो. त्रास आहे, पण उघड दिसतो.

स्पायवेअर म्हणजे गल्ल्यामागे लपून बसलेला माणूस. तो दिसतच नाही. तुम्ही काय टाईप करता ते टिपतो, स्क्रीनचे फोटो काढतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतो आणि गुपचूप बाहेर पाठवतो. टाईप केलेलं टिपणाऱ्या प्रकाराला की-लॉगर म्हणतात.

दोघं वेगळे, पण येण्याचा दरवाजा बऱ्याचदा एकच. आपल्या मुलाच्या बाबतीत फॉन्टच्या त्या एका इन्स्टॉलरमध्ये दोघंही होते. पोस्टरवाला दिसला, गल्ल्यामागचा दिसला नाही. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा : जाहिराती दिसायला लागल्या म्हणजे दरवाजा उघडा राहिलाय. पोस्टर फाडून थांबू नका, दरवाजा शोधा.

"आमच्या छोट्या धंद्यात कोण कशाला येईल?"

हे मी दर बॅचला ऐकतो. खरं तर तुम्हाला कुणी निवडत नाही. जाळं टाकलेलं असतं, जो सापडेल तो.

उदाहरण घ्या. २०१७ साली 'फायरबॉल' नावाचं अ‍ॅडवेअर उघडकीला आलं. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीचा अंदाज होता की जगभरात २५ कोटी कॉम्प्युटरमध्ये ते शिरलं असावं आणि त्यातले अडीच कोटींहून जास्त एकट्या भारतातले, म्हणजे सगळ्या देशांत जास्त. मायक्रोसॉफ्टने नंतर हा आकडा फुगवलेला आहे असं सांगितलं. आकड्यावर वाद असू द्या, पण पद्धतीवर वाद नव्हता. दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून यायचं, होमपेज बदलायचं, आणि पाहिजे तेव्हा आणखी काहीही उतरवून घ्यायची सोय ठेवायची.

आणि मोठ्यांचं म्हणाल तर पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएमच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून दोन दिवसांच्या हल्ल्यात ९४ कोटींहून जास्त रक्कम काढली गेली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एवढी मोठी बँक, स्वतंत्र आयटी विभाग, तरी घडलं. हे घाबरवायला सांगत नाही. "आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, आम्हाला काही होत नाही" ही बढाई कुणीच मारू नये, एवढ्यासाठी सांगतोय.

हे पाहुणे येतात कुठून?

नव्या धंदेवाल्याच्या कॉम्प्युटरवर मी सहा दरवाजे नेहमी उघडे बघतो.

१. क्रॅक सॉफ्टवेअर. अकाउंटिंगचं, फोटो एडिटिंगचं, डिझाइनचं. "पोरगा टाकून देतो शंभर रुपयांत." क्रॅक चालवायच्या आधी सूचना असते, 'अँटिव्हायरस बंद करा'. जरा विचार करा. चोर म्हणतोय कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधतोय.

२. फुकट फॉन्ट, कन्व्हर्टर, ड्रायव्हर देणाऱ्या साईट. पानावरची बहुतेक डाऊनलोड बटणं ही जाहिरातीच असतात. आणखी एक खूण. फॉन्टची फाईल टीटीएफ किंवा ओटीएफ असते, फार तर झिपमध्ये बांधलेली. फॉन्ट म्हणून ईएक्सई फाईल मिळाली तर तो फॉन्ट नाही, तो प्रोग्रॅम आहे. डिलीट करा.

३. ब्राउझर एक्स्टेन्शन. कूपन शोधणारं, पीडीएफ जोडणारं, व्हिडिओ उतरवणारं. एक्स्टेन्शनला बऱ्याचदा तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचायची परवानगी असते. आज चांगलं असलेलं उद्या विकलं जाऊ शकतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं लोकप्रिय एक्स्टेन्शन मालक बदलल्यावर बिघडलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलनेच ते मालवेअर ठरवून बंद केलं.

४. 'अलाऊ' दाबा. "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाऊ दाबा." दाबलं की त्या साईटला तुमच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात सूचना पाठवायचा परवाना मिळाला. मग "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत" अशा खोट्या सूचना येत राहतात. हा साधा परवाना आहे, अँटिव्हायरस त्याला सहसा पकडत नाही. तो आपणच काढायचा.

५. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह. झेरॉक्स-डीटीपीवाल्यांना शॉर्टकट व्हायरस नवीन नाही. फोल्डर गायब आणि त्याच नावाचा शॉर्टकट दिसतो, तोच तो. दिवसाला वीस पेनड्राइव्ह लावणारं दुकान म्हणजे वीस घरांचा सर्दी-खोकला.

६. मेलमधली 'इन्व्हॉइस'. फाईलचं नाव 'बिल डॉट पीडीएफ' दिसतं, पण पुढे लपलेलं असतं 'डॉट ईएक्सई'. विंडोज शेवटचा तुकडा लपवून ठेवतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' आजच चालू करा. एक मिनिटाचं काम आहे.

"पण सर, ओटीपी आहे ना?"

हा भाग नीट वाचा, कारण शिकलेली माणसंही इथे चुकतात.

तुम्ही जीमेल एकदा उघडलं की रोज पासवर्ड विचारत नाही. का? कारण लॉगिन झाल्यावर साईट तुमच्या ब्राउझरमध्ये एक पास ठेवते, त्याला कुकी म्हणतात. यात्रेत एकदा तिकीट काढलं की हातावर शिक्का मारतात आणि मग दिवसभर आत-बाहेर करता येतं ना, तसंच. पासवर्ड आणि ओटीपी हे तिकीट खिडकीवर तपासतात. पण चोराने शिक्काच उचलला तर खिडकीवर जायचा प्रश्नच येत नाही. तो थेट आत.

आजकालचे पासवर्डचोर स्पायवेअर नेमके हे शिक्के उचलतात. गूगलच्या सुरक्षा पथकाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यूट्यूब चॅनेलवाल्यांवरच्या अशाच हल्ल्यांची माहिती दिली होती. "तुमच्या चॅनेलवर जाहिरात करायची आहे, आमचं सॉफ्टवेअर वापरून बघा" असा मेल, सोबत फाईल, आणि फाईल उघडली की कुकी गेल्या. मलाही असे मेल येतात. सुरुवातीच्या काळात, पहिलीच 'स्पॉन्सरशिप' आली म्हणून आनंदाने मी एक फाईल उतरवली होती. उघडायच्या आधी वीज गेली, आणि वीज येईपर्यंत डोकं ठिकाणावर आलं. हुशारीने नाही, लोडशेडिंगने वाचलो.

ओटीपी ठेवायचाच, त्याने खूप हल्ले अडतात. पण कॉम्प्युटरच आतून फुटला असेल तर ओटीपी एकटा पुरत नाही. म्हणून काम संपलं की बँक आणि मेलमधून 'लॉग आऊट' व्हा. नुसती खिडकी बंद करणं म्हणजे लॉग आऊट नव्हे.

संशय आला तर काय करायचं? क्रम चुकवू नका

आपल्या मुलाने सगळ्यात आधी काय केलं माहिती आहे? त्याच कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलला. म्हणजे नवीन पासवर्डही चोराच्या हातात. क्रम असा ठेवा :

1. नेट तोडा. वायफाय बंद, वायर काढा. माहिती बाहेर जायचा रस्ता आधी बंद.

2. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून, म्हणजे आपल्या मोबाईलवरून, पासवर्ड बदला. आधी ई-मेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या किल्ल्या तिथून निघतात. मग बँक, मग बाकीचे. सोबत 'सर्व उपकरणांवरून साइन आऊट' करा, म्हणजे चोरलेले शिक्के बाद होतात. मेलच्या सेटिंगमध्ये मेल परस्पर दुसरीकडे पाठवायचा नियम कुणी लावून ठेवलाय का तेही बघा.

3. नको ते प्रोग्रॅम काढा. विंडोजच्या 'अ‍ॅप्स'च्या यादीत तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी काय काय आलंय ते बघा. ओळखीचं नसेल तर नाव शोधून खात्री करा आणि काढा.

4. ब्राउझर धुवा. अनोळखी एक्स्टेन्शन काढा. 'नोटिफिकेशन'च्या परवान्यांत जाऊन नको त्या साईट काढा. तरी पान बदललेलंच असेल तर ब्राउझर 'रिसेट' करा.

5. पूर्ण स्कॅन. विंडोज सिक्युरिटीमध्ये 'फुल स्कॅन' आणि त्यानंतर 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. ऑफलाइन स्कॅन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलेही सापडतात. भारत सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवरही सफाईची साधनं फुकट मिळतात.

6. तरीही शंका असेल तर फॉरमॅट. कागदपत्रं, फोटो, हिशोब एवढंच बाहेर काढा, प्रोग्रॅमच्या फाईली नाही. विंडोज नव्याने टाका. त्रासाचं आहे, पण पासवर्डचोर आत होता हे पक्कं असेल तर मी हाच सल्ला देतो.

7. गिऱ्हाइकांना सांगा. हे सगळ्यात अवघड. "माझ्या मेलवरून खाते बदलल्याचा निरोप आला तर मानू नका, मला फोन करा." दोन ओळींचा मेसेज. लाज वाटते, पण हाच मेसेज तुमची पत वाचवतो.

पैसे गेले असतील तर वेळ घालवू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते. पण पासवर्ड वा ओटीपी तुम्ही स्वतः कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. म्हणून तास नाही, मिनिटं मोजा.

मग अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

आता मूळ प्रश्न. विंडोजमध्ये डिफेंडर आतूनच येतो आणि एकट्या माणसाच्या साध्या वापराला तो चांगला आहे. फक्त 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन 'रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन'खाली नकोशी अ‍ॅप अडवायचं बटण चालू आहे का ते बघा. अ‍ॅडवेअरला अडवणारं ते बटण आहे.

तुमच्या दुकानात दोन-चार जण एकाच कॉम्प्युटरवर बसतात, लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, लोकांची आधार-पॅनची कागदपत्रं येतात? मग विकतचा घ्या, अधिकृत लायसन्स घ्या, आणि एकच घ्या. दोन अँटिव्हायरस म्हणजे एका दुकानाला दोन मुनीम, दिवसभर एकमेकांतच भांडणार.

आणि यानिमित्ताने एक गोष्ट सांगायलाच हवी. क्विक हील ही आज शेअर बाजारात नोंदलेली अँटिव्हायरस कंपनी. तिचे संस्थापक कैलास काटकर मूळचे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावीपर्यंत, सुरुवात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाने. १९९० मध्ये पंधरा हजार रुपयांत स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचे प्रोग्रॅम लिहिले आणि १९९५ च्या सुमारास त्यातूनच उत्पादन उभं राहिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी बाजारात आली. हे मी कंपनीची जाहिरात म्हणून सांगत नाही, तुमच्या गरजेचा अँटिव्हायरस तुम्ही निवडा. सांगतोय यासाठी की गिऱ्हाइकाची जी कटकट बाकीचे नुसती पुसून टाकत होते, तिच्यात यांना धंदा दिसला.

रोजच्या सवयी, खर्च जवळपास शून्य

- कॉम्प्युटरवर दोन खाती करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं, रोजच्या कामाचं साधं. साध्या खात्यावर काही इन्स्टॉल व्हायला लागलं की बहुतेक वेळा पासवर्ड विचारला जातो. तो क्षणभराचा अडथळा तुम्हाला विचार करायला लावतो.
- बँकिंगसाठी वेगळा ब्राउझर ठेवा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, पासवर्ड सेव्ह नको.
- क्रॅकऐवजी खरंच मोफत असलेलं वापरा. लिबरऑफिस आहे, फोटोसाठी गिम्प, डिझाइनसाठी इंकस्केप. मराठी फॉन्टसाठी गूगल फॉन्ट्सवर जा. मुक्ता, बालू हे मुंबईच्या एक टाईपने बनवलेले देखणे देवनागरी फॉन्ट तिथे अधिकृतपणे फुकट आहेत. पत्रिकेलाही चालतात!
- विंडोज अपडेट टाळू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. जुनं मशीन असेल तर पुढचा निर्णय घ्या, निदान त्यावर बँकिंग करू नका.
- पेनड्राइव्ह लावला की आधी स्कॅन, मग उघडणं. जमेल तिथे गिऱ्हाइकाला फाईल मेल करायला सांगा.
- स्क्रीनवर "व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो नंबर चोराचा. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही.
- आठवड्यातून एक दिवस ठरवा. पंधरा मिनिटं अपडेट, एक्स्टेन्शनची यादी, स्कॅन. आणि हिशोबाचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी बॅकअपनंतर काढून कपाटात जाईल.

जाता जाता कायद्याची एक ओळ. कामगारावर, भागीदारावर 'लक्ष ठेवायला' त्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप स्पायवेअर टाकायचा मोह कुणाला झाला तर आवरा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

त्याने मशीन फॉरमॅट केलं. क्रॅक सगळे काढले. मग दोन्ही आडत्यांकडे स्वतः गेला, काय घडलं ते काही न लपवता सांगितलं आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या : खाते नंबर मेलवर कधीच बदलणार नाही. बदल असेल तर आडत्याच्या स्वतःच्या फोनवरूनच कळेल. प्रत्येक पट्टीखाली ही सूचना छापलेली असेल.

एका आडत्याने ऐकून घेतलं आणि चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्याने पुढच्या सीझनला काम परत दिलं. वर म्हणाला, "बाकीचे तर सांगत पण नाहीत."

तर आज एवढंच करा. हे वाचून झालं की ब्राउझरची एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारा, हे मी कधी टाकलं आणि कशाला? ज्याचं उत्तर सापडत नाही ते काढून टाका. दुकानात अनोळखी माणूस बसलेला दिसला तर आपण विचारतोच ना, "काय पाहिजे?"

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, पत जपा.